काम झालं, हे कशाला सांगता?

टर्मिनलच्या नव्या अ‍ॅपांत म्हणे एक सोय असते. ठरल्या वेळी चालायला लावलेलं काम संपलं की पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवते : "काम पूर्ण झालं". (टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करून संगणकाला राबवायची काळी खिडकी. रात्री दोनला माझ्या लेखांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, असं तिथं एकदा सांगून ठेवता येतं.) सोय कसली, ब्याद आहे!

वर्गात गृहपाठ केलेलं प्रत्येक पोरगं उठून "सर, केला" असं ओरडू लागलं, तर न केलेला एक त्या गलक्यात खुशाल लपतो. इथंही तेच. सकाळी सात चौकटी न वाचताच मिटवायची सवय लागते, आणि आठवी, "प्रत झाली नाही" म्हणणारी, त्याच हाताने मिटते.

युनिक्सवर अशी कामं चालवणारा क्रॉन 1970च्या दशकापासून आहे. त्याची रीत बघा. कामाने काही छापलं तर तो पत्र पाठवतो, नाहीतर चूप.

यावर तरुण मंडळी म्हणतात, चौकट आली नाही की कळेलच ना! नाही कळत, बाप्पा. आमच्या बुटीबोरीत रात्री वीज गेली, मशीन बंद पडलं, तर ते काम होतच नाही. वीज आल्यावर क्रॉन हुकलेलं काम आपणहून करत नाही. मग चौकट पाठवणार कोण? गैरहजर मुलगा "मी गैरहजर" असं कधी सांगतो का? पट घेऊन नाव पुकारावं लागतं. म्हणून सकाळी दहाला, मशीन चालू असताना, एक वेगळं काम लावावं : डिस्कवरच्या प्रतीची तारीख बघ, ती आजची नसेल तरच बोंब मार.

आपण स्वतः सुरू केलेलं, ज्याच्यासाठी ताटकळत बसलोय असं लांबलचक काम संपलं तर घंटा जरूर वाजवा. आस्कीच्या तक्त्यात 7 हा आकडा घंटेसाठीच राखलेला आहे, टेलिप्रिंटरच्या काळापासून. पण गिरणीचा भोंगा पाळी बदलताना वाजतो, दर ताग्यामागे नाही.

तेव्हा अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, ही चौकट मुळात बंदच ठेवा. "फक्त बिघडलं तर कळवा" एवढा एकच पर्याय आधीपासून चालू असू द्या. आणि त्या चौकटीत कोणतं काम, किती वाजता, का अडलं, हे मराठीत लिहा बुवा.