जंजिऱ्याचा आफ्रिकी वारसा

कामोठ्यातल्या शाळेची सहल मुरूडला गेली की मुलांच्या कानावर हमखास एक गोष्ट पडते: जंजिरा कधीच जिंकला गेला नाही. पण तो राखणारे सिद्दी मूळचे कुठले, हे क्वचितच सांगितले जाते. आफ्रिकेतून गुलाम, खलाशी, शिपाई म्हणून आलेल्या माणसांच्या वंशजांचे जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे एक मोठे स्थळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजात धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे, जवळच्या खोकरीला सिद्दी सुरूलखानाची भव्य कबर आहे. हे दगड रोज खारा वारा खातात. त्यांचे लेझर स्कॅनिंग आणि त्रिमितीय छायाचित्रण आताच व्हायला हवे. त्याने झीज थांबणार नाही, हे खरे. डागडुजीला ते पर्यायही नाही. पण आज नेमके माप घेतले, तर दहा वर्षांनी काय गेले हे तरी कळेल.

दगडाचे माप मिळाले तरी माणूस हाती लागत नाही, त्यासाठी चित्रकार, नाटककार हवेत. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर आज चेहऱ्यानिशी डोळ्यांसमोर येतो, तो हाशिमसारख्या मुघल चित्रकारांमुळे. हाशिमने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भारतातल्या आफ्रिकींवरचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरने २०१३ मध्ये भरवले. ज्या मातीत हा इतिहास घडला, तिथल्या मुलांना मात्र तो असा पाहायला मिळत नाही, याची मला खंत वाटते.

सिद्दी तर स्वराज्याचे वैरी, त्यांचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी किनाऱ्यावरच्या रयतेला दिलेला त्रास लपवायचे कारण नाही. इथे असे प्रदर्शन भरवले, तर त्यात तोही यावा. मात्र जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारण्यामागचा शिवरायांचा विचार सिद्द्याची ताकद जाणल्याशिवाय पुरता उमगत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. त्यांच्या निमित्ताने येणाऱ्याला जंजिऱ्याचीही पुरी कहाणी मिळायला हवी. पुरातत्त्व खाते आणि जिल्हा प्रशासनाने मोजणीचे काम हाती घ्यावे, आणि पहिले प्रदर्शन पनवेलच्या फडके नाट्यगृहात भरवावे.