हिवताप जातो, मग परत का येतो?

आफ्रिकेतल्या मलेरियावर पैसा ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणणारी माणसे अडाणी नसतात. रोज वर्तमानपत्र वाचणारी, चार देश पाहिलेली असतात. तिथली हवाच तशी, तिथली माणसेच तशी, आणि इतक्या वर्षांत फरक तो काय पडला, असा त्यांचा सवाल असतो. २०२३ साली जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले, ५ लाख ९७ हजार दगावले. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि तिथे मेलेल्या दर चारांत तिघे पाच वर्षांखालचे होते. हे आकडे पाहून निराशा वाटावी हे समजू शकते. पण निराशेला शास्त्राचा अंगरखा घालू नये.

आधी हवेचे पाहू. १९२२-२३ साली रशियात मलेरियाची जी साथ आली ती उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या अर्खांगेल्स्कपर्यंत पोचली होती. इंग्लंडातल्या केंट आणि एसेक्सच्या दलदलीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या थंडीतापाने कुडकुडत होती. अमेरिकेतून हा रोग १९५१ साली गेला. उबदार हवेत डास आणि जंतू लवकर वाढतात हे खरे. आफ्रिकेतला गॅम्बिए जातीचा डास माणसाच्या रक्ताला चटावलेला आणि दीर्घायुषी आहे, त्यामुळे तिथली लढाई इतरांपेक्षा कठीण आहे, हेही मान्य. पण कठीण आणि अशक्य यांत फरक असतो. आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ साली मलेरिया उच्चाटनाची जी जगव्यापी मोहीम काढली, तिच्यातून सहाराच्या दक्षिणेकडचा बहुतेक आफ्रिका वगळलेलाच होता. ज्याला मैदानातच उतरवले नाही त्याला हरलेला ठरवणे हा कुठला न्याय?

माणसांविषयीचा आक्षेप जास्त लागट आहे. ‘फुकट मच्छरदाण्या दिल्या तर ते लोक त्यांनी मासे पकडतात’ ही गोष्ट चवीने सांगितली जाते. काही तळ्याकाठी तसे घडतेही. पण २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे जे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले, त्यातले दोनतृतीयांशांहून अधिक याच कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा संशोधकांचा हिशोब आहे. म्हणजे बहुसंख्य आयांनी मच्छरदाणी पोरांच्या अंगावरच टांगली. तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या बाईला आरोग्य केंद्रात काय हवे असते? बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब, पट्टीवर दुसरी रेघ उमटते का हे पाहायला पंधरा-वीस मिनिटे, आणि रेघ उमटली तर तीन दिवसांच्या गोळ्या. ही पट्टी वा गोळ्या संपलेल्या असल्या तर फाल्सिपॅरम जातीचा जंतू थांबत नाही. मुलाचे तळहात पांढरेफटक पडतात, झटके येऊ लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे संपलेले असू शकते. यात आईचे अज्ञान कुठे आले? संपला तो साठा.

आता फरकाचे. २००० ते २०२३ या काळात मलेरियाचे १ कोटी २७ लाख मृत्यू टळले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरीही खरा प्रश्न उरतोच: इतके करून हा रोग हटत का नाही? उत्तर आपल्याच घरात आहे. १९४७ साली भारतात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाले गावोगाव पंप घेऊन हिंडले, घराच्या भिंतीवर डीडीटी मारल्याची तारीख लिहून गेले. १९६१ साली नोंदलेले रुग्ण उरले सुमारे पन्नास हजार. मग काम झाले असे सगळ्यांना वाटू लागले. पुरवठा रखडला, पाळत सैल झाली, आणि त्यात डास डीडीटीला बधेनासे झाले. १९७६ साली रुग्ण होते ६४ लाखांवर! श्रीलंकेत १९६३ साली अख्ख्या देशात १७ रुग्ण होते. तिथेही फवारणी थांबली, आणि १९६८-६९ मध्ये आकडा पाच लाखांच्या पुढे गेला.

हे दोन अपवाद नव्हेत. १९३० च्या दशकापासून मलेरिया उलटल्याच्या ७५ घटना संशोधकांनी २०१२ साली तपासल्या. त्यातल्या ६८ घटनांत नियंत्रणाचा कार्यक्रम दुबळा झाला हे एक कारण होते, आणि दुबळा होण्याचे सर्वांत वारंवार आढळलेले कारण पैशांची टंचाई. रुग्ण कमी झाले की तरतूद कमी होते. याच श्रीलंकेने पुढे यादवी युद्ध चालू असतानाही काम सोडले नाही, आणि २०१६ साली मलेरियामुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. ‘तिथली माणसेच तशी’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

‘पण आपला काय संबंध?’ असेही कोणी विचारील. मुंबईत पावसाळ्यात महापालिकेचा माणूस गच्चीवर चढून टाकीचे झाकण उघडून पाहतो, तो ज्या डासाच्या अळ्या शोधत असतो तो स्टीफेन्सी डास. हा मूळचा आपल्या बाजूचा, शहरात रमणारा, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला. त्या वर्षी तिथे २७ रुग्ण होते. २०२० साली ७३ हजारांवर. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा रोग. तो शहरांत शिरला तर काय होईल, याची ही चुणूक आहे.

आशावाद्यांनाही दोन शब्द. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ऑक्सफर्डच्या सहकार्याने तयार होणारी आर-२१ लस २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारशीत घेतली. अभिमान जरूर वाटावा. पण ही देवीच्या लशीसारखी एकदा टोचून विसरण्याची लस नाही. चार डोस लागतात, काळाबरोबर संरक्षण ओसरते, आणि मच्छरदाणी, चाचणी, गोळ्या यांची जागा ती घेत नाही. ‘लस आली, आता बाकीचे आवरा’ हा १९६१ सालचाच विचार नव्या कपड्यांत आहे.

तो विचार आज राज्यही करतो आहे. २०२३ साली जगाला या कामासाठी ८३० कोटी डॉलर हवे होते, मिळाले ४०० कोटी. या रकमेत सर्वांत मोठा वाटा देणाऱ्या अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली. मलेरिया का हटत नाही, हे विचारणाऱ्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.