चेंबर गार्ड काढू नका!

मंडळी, गेल्या महिन्यात सहलीच्या मीटिंगमध्ये मी एक सूचना मांडली. वादीतल्या सहलीला येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली चेंबर गार्ड शाबूत असला पाहिजे. नसेल त्या कुटुंबाने दुसऱ्याच्या गाडीत बसावं. सूचना हसण्यावारी गेली. "काका, आपण सहलीला चाललोय, रॅलीला नाही," असं एकाने ऐकवलं. पुढे चर्चा जेवणाच्या मेनूवर गेली ती गेलीच. म्हणून हा लेख.

ज्यांनी गाडीखाली कधी वाकून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. त्याच्याखाली बोल्टने बसवलेला पत्रा म्हणजे गार्ड. दगड चेंबरला लागण्याआधी त्याला लागावा, एवढंच त्याचं काम.

माझ्या प्राडोला कंपनीचा गार्ड होता. ऑइल बदलताना दोन-तीनदा काढ-घाल झाली, बोल्ट हरवले, पत्रा खडखडू लागला. मेकॅनिकने विचारलं, "नवे बोल्ट आणू का?" मी म्हटलं, "काढूनच टाका. मस्कतात कुठे लागतोय?" दोष मेकॅनिकचा नव्हता, माझाच.

नोव्हेंबर २००७. त्याच वर्षी जूनमध्ये गोनू वादळ येऊन गेलं होतं. राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत आम्ही तीन गाड्या घेऊन कुरियातच्या पुढे वादी अरबईनमध्ये शिरलो. वाट ओळखीची आहे, हा माझा समज. पण वादीतली वाट पाणी ठरवतं, आपण नाही. एका खळग्यात गाडीचं नाक खाली गेलं आणि 'ठक्' आवाज झाला. थोडं पुढे गेल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. "आधी गाडी बंद करा!" बायको ओरडली, म्हणून इंजिन वाचलं. मागे वळून पाहतो तर गोट्यांवर काळी रेघ. मोबाईलला रेंज नाही, मागच्या सीटवर सहा आणि नऊ वर्षांची मुलं, बाकीच्या दोन्ही गाड्या खचाखच भरलेल्या. एका ओमानी गृहस्थाने पिकअपने कुरियातपर्यंत ओढून आणलं, वर घरी नेऊन काहवा-खजूर दिले आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. त्या दिवशी डोंगरात पाऊस असता तर? वादीत बंद पडलेली गाडी आणि वरून येणारं पाणी, याचा हिशेब ऑइलच्या डब्यात होत नाही.

आता मीटिंगमधले आक्षेप घेऊ.

"वजन वाढतं, पेट्रोल खातं." अर्धा चौरस मीटर आणि ४ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा साधारण १६ किलोचा होतो. ६ मिलिमीटर अॅल्युमिनियमचा त्याच मापाचा पत्रा ८ किलोचा. आपल्या सहलीतला बर्फाने भरलेला आइस बॉक्स याहून जड असतो. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

"कंपनीचा पत्रा पातळच असतो, काय कामाचा?" उडणारी खडी आणि ओझरता घसारा तो नक्की झेलतो. गाडीचं सगळं वजन दगडावर टेकलं तरच तो वाकतो. वाकला तर बदला. पातळ छत्री फाटेल म्हणून कुणी पावसात उघडं फिरत नाही.

"आमच्या गाडीखाली आहे काहीतरी." ते काहीतरी बहुधा प्लॅस्टिकचं असतं. शिंतोडे आणि वारा अडवायला ते ठीक आहे. दगडापुढे तो नुसता रेनकोट, चिलखत नव्हे.

दुसऱ्या टोकाचे वीरही आपल्यात आहेत. पुढून मागेपर्यंत पोलाद ठोकायचं आणि गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये मिरवायची! त्यांना एवढंच सांगणं, की गार्डने गाडीची उंची वाढत नाही, उलट बोटभर कमीच होते. आणि गार्ड आहे म्हणून दगडावर गाडी घालणं म्हणजे हेल्मेट आहे म्हणून भिंतीला डोकं आपटणं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. वर्षातून दोन-चारदा खडीच्या वाटेला किंवा वाळूत जाणाऱ्यांनी कंपनीचाच गार्ड ठेवावा, सगळ्या बोल्टांसकट. दर हिवाळ्यात दगडांच्या वादीत उतरणाऱ्यांनीच जाड गार्ड घ्यावा. तोही थेट चासीला बसणारा आणि ऑइल सोडायला भोक असलेला. आणि दोघांनीही सहलीहून आल्यावर आत अडकलेली वाळू-खडी काढावी, बोल्ट तपासावेत.

गोनूनंतर २०१० मध्ये फेट आलं, २०२१ मध्ये शाहीन आलं. दर पुरानंतर दगड नवीन जागी बसतात, आणि आपण मात्र "गेल्या वर्षी तर आरामात गेलो होतो" म्हणत निघतो. गाडी आपली असते, पण मागच्या सीटवर बऱ्याचदा दुसऱ्याची मुलं असतात. म्हणून हा प्रश्न ज्याचा त्याचा नाही, मंडळाचा आहे.

पुढच्या मीटिंगला सूचना पुन्हा मांडणार आहे. हसायचं असेल तर जरूर हसा. पण आधी खाली उतरून, गुडघे टेकून, आपापल्या गाडीखाली एकदा बघून या.