आठ दिवसांचे मिशन आणि आयुष्याचा हेतू

जून महिना उजाडला की अमेरिकेतील विमानतळांवर एक दृश्य हमखास दिसू लागते. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस मुले-मुली, त्यांच्यासोबत चर्चमधील एखादा तरुण पाद्री आणि दोन-चार पालक असा जथा मेक्सिको, होंडुरास, ग्वाटेमाला किंवा केनियाला निघालेला असतो. मुक्काम आठ-दहा दिवसांचा असतो. एखाद्या गरीब वस्तीत घराची भिंत उभारायची, शाळेला रंग द्यायचा, मुलांशी खेळायचे, बायबलमधील कथा नाट्यरूपाने सादर करायच्या आणि परतायचे. यालाच तेथे 'शॉर्ट टर्म मिशन' म्हणतात. प्रवासखर्चासाठी मुले नातेवाईक, शेजारी आणि परिचितांना देणगी मागणारी पत्रे लिहितात. न्यू जर्सी वा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही अशी पत्रे अपरिचित नाहीत.

परत आलेला मुलगा बदललेला असतो. जगण्याला हेतू सापडला, असे तो चर्चमध्ये उभा राहून डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्याच्या वर्गातील मराठी घरातला मुलगा हे ऐकतो आणि घरी येऊन विचारतो, "आपल्याकडे असे काही नाही का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तसेच, हे सारे धर्मांतराचे कारस्थान आहे, एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण करणेही योग्य नाही. सुखवस्तू घरात वाढलेल्या तरुणाला जगण्याचा अर्थ शोधावासा वाटणे ही भूक खरी आहे. ती अमेरिकेत आहे, तशी पुण्या-डोंबिवलीतही आहे. विचार करायचा तो ही भूक कशाने भागते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा.

गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फार जुना आहे. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशात धर्मप्रसारासाठी जाण्याचा विचार त्यांनी तेथे पक्का केला. त्यातूनच १८१० साली अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. तिने पाठवलेल्या पहिल्या तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अमेरिकेच्या परदेशी मिशन चळवळीला आरंभीच स्थिर ठाणे मिळाले ते मराठी मुलखात.

हॉल यांचा हेतू धर्मांतराचाच होता, याविषयी संदिग्धता बाळगण्याचे कारण नाही. हिंदू समाजाने त्याला विरोध केला आणि तो योग्यच होता. परंतु हा मनुष्य तेरा वर्षे येथे राहिला. तो मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतरासाठी खपला आणि १८२६ साली नाशिक परिसरात फिरत असताना पटकीने मरण पावला. त्याच्याही दोन शतके आधी गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे चाळीस वर्षे येथे काढली आणि मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी जवळजवळ चार दशके रुग्णसेवा केली. त्यांच्या धर्मकल्पनांशी असलेला मतभेद कायम ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्या समाजात काम करायचे, त्याच्या भाषेत उतरल्याशिवाय आणि त्याच्या सुखदुःखात आयुष्य घातल्याशिवाय काम होत नाही, हे त्यांना कळले होते.

जेट विमानाचे मिशन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. विमानप्रवास स्वस्त होऊ लागला. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा कॉलेज तरुण दोन मित्रांना घेऊन उन्हाळ्यात मेक्सिकोला गेला. त्यातून 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संघटना उभी राहिली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' स्थापन केली. सारे आयुष्य वाहून न घेताही तरुणाला मिशनरी होता येईल, हा विचार रूढ झाला. पुढे कॅलिफोर्नियातील पाद्री रिक वॉरन यांचे हेतुपूर्ण जीवनाविषयीचे पुस्तक २००२ साली निघाले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. वॉरन यांनी चर्चमधील सामान्य सदस्यांना देशोदेशी पाठवण्याची योजना आखली आणि २००५ साली रवांडा हे जगातील पहिले 'हेतुप्रेरित राष्ट्र' होणार, असेही जाहीर केले. एका अमेरिकन उपनगरातील पुस्तकाने आफ्रिकेतील राष्ट्राला त्याचा हेतू सांगावा, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्चसदस्य अशा परदेशवाऱ्या करीत होते. प्रवास, निवास, भोजन, विमा आणि साहित्य या साऱ्यांची व्यवस्था लावणाऱ्या संस्थांची एक मोठी बाजारपेठच त्याभोवती उभी राहिली. तेरा वर्षांचे व्रत आठ दिवसांच्या सहलीपर्यंत येऊन ठेपले.

दोन हजारांचे घर, तीस हजारांचा खर्च

या सहलींचा लेखाजोखा मांडणारे बहुतेक अभ्यासक स्वतः निष्ठावान ख्रिस्ती आहेत. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षांना 'हिंदुत्ववाद्यांचा अपप्रचार' म्हणून बाजूला सारता येत नाही. १९९८ साली 'मिच' या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरासची धूळधाण केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील चर्चच्या तुकड्या घरे बांधण्यासाठी तेथे लोटल्या. कॅल्व्हिन कॉलेजचे प्राध्यापक कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक संस्था सुमारे २ हजार डॉलरमध्ये जे घर बांधत होती, त्यासाठी परदेशी तुकडीचा प्रवासासह होणारा खर्च सरासरी ३० हजार डॉलर होता. म्हणजे एका तुकडीच्या खर्चात पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले असते आणि तेथील गवंड्या-सुतारांना मजुरीही मिळाली असती.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की, घर हे निमित्त आहे, खरा लाभ जाणाऱ्याच्या मनःपरिवर्तनात आहे. व्हर बीक यांनी तेही तपासले. आपण पूर्वीपेक्षा अधिक दान करू लागलो, असे परतलेल्या अनेकांनी सांगितले. परंतु संस्थेच्या देणगीवह्यांत त्या प्रमाणात वाढ आढळली नाही. विमानतळावर डोळ्यांत आलेले पाणी पुढील वर्षाच्या हिशेबात उतरले नव्हते.

हा इशारा फार आधी देऊन झाला होता. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे उन्हाळी सेवाकार्यासाठी येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे इव्हान इलिच बोलले. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी श्रोत्यांना स्पष्ट सांगितले की तुमच्या सदिच्छा कोणाच्याही कामाच्या नाहीत. ज्यांची भाषा येत नाही, त्यांना तुमच्याविषयी काय वाटते हेदेखील तुम्हाला कळणार नाही. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. सेवेच्या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने ते भाषण वाचावे, असे आहे.

मागणी तसे अनाथ

पैशाच्या उधळपट्टीपेक्षाही गंभीर असा एक परिणाम आहे. पाहुण्यांना अनाथ मुलांना कडेवर घ्यायचे असते. जेथे अशी मागणी असते, तेथे पुरवठाही होऊ लागतो. कंबोडियातील अनाथालयांची पाहणी झाली, तेव्हा तेथील बहुसंख्य मुलांचे आई-वडील वा दोघांपैकी एक जण हयात असल्याचे आढळले. धार्मिक तसेच निधर्मी अशा दोन्ही प्रकारच्या परदेशी पाहुण्यांसाठी आणि देणग्यांसाठी मुलांना घरापासून तोडले जात होते. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अशा व्यवहाराची गुलामगिरीचा एक प्रकार म्हणून दखल घेतली. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही अमेरिकन बाप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुलांना परवानगीविना सीमेपार नेताना अटक झाली. त्यांतील अनेक मुलांचे पालक जिवंत होते. त्या स्वयंसेवकांना आपण सत्कार्य करीत आहोत, असे मनापासून वाटत असेलही. परंतु प्रामाणिक भावना हा अज्ञानावरचा उतारा ठरत नाही.

आपल्या देशाने याचा सर्वांत टोकाचा प्रकार नोव्हेंबर २०१८ मध्ये पाहिला. जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण पर्यटक म्हणून अंदमानात आला आणि मच्छीमारांना पैसे देऊन, कायदा मोडून उत्तर सेंटिनल बेटावर उतरला. तेथील वनवासींपर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोहोचवणे हा त्याने आपल्या जीवनाचा हेतू मानला होता. सेंटिनली लोकांच्या बाणांनी त्याचा मृत्यू झाला. तरुण जीव गेला, याचे दुःख कोणालाही व्हावे. परंतु बाहेरच्या जगाच्या साध्या सर्दी-तापाला तोंड देण्याची शक्ती ज्यांच्या शरीरात नाही, अशा मूठभर लोकांच्या किनाऱ्यावर तो आपला हेतू शोधत होता. त्या जमातीच्या जगण्याला स्वतःचा हेतू असू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हते.

येथेच या साऱ्या प्रकाराचे मूळ दिसते. समोरचा मनुष्य अपूर्ण आहे आणि त्याला पूर्ण करण्याची गुरुकिल्ली आपल्याकडे आहे, या गृहीतकावर सारा डोलारा उभा आहे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी नेमके याच वर्मावर बोट ठेवले होते. भारतातील भुकेली माणसे भाकरी मागत आहेत आणि त्यांच्यापुढे धर्म ठेवला जात आहे, अशी त्यांची खंत होती. आमच्याच महाराष्ट्रात, ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही परदेशी मिशनच्या चौकटीत गुदमरल्यासारखे झाले. १९१७ साली ते तिच्यातून बाहेर पडले आणि 'देवाच्या दरबारा'ची भारतीय वाट त्यांनी शोधली.

आपल्या अंगणात

दुसऱ्याचे दोष दाखवून थांबणे सोपे आहे. मात्र त्या मराठी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. आपल्याकडेही दिवाळीच्या सुमारास मोटारी भरून पाड्यावर जाणारे गट असतात. घोंगड्या आणि फराळाचे वाटप होते, रांगेत उभ्या केलेल्या मुलांसोबत छायाचित्रे निघतात आणि अंधार पडायच्या आत मंडळी शहरात परततात. त्या पाड्याचे नाव वर्षभराने कितीजणांना आठवते? पाड्यावरची बोली किती जणांना समजते? ज्या मापाने होंडुरासच्या सहलीला मोजले, त्याच मापाने ही सहलही मोजली पाहिजे.

थोडे दिवस देणे हा दोष नव्हे. बाबा आमटे यांनी सोमनाथला १९६७ पासून तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरवली. तिचा काळही थोड्याच दिवसांचा. परंतु तेथे येणाऱ्याला, तू कोणाचा तरी उद्धार करायला आला आहेस, असे सांगितले जात नाही. घाम गाळायचा तो स्वतःवर संस्कार व्हावेत म्हणून. विवेकानंद केंद्राची स्थापना करताना एकनाथजी रानडे यांनी जीवनव्रती कार्यकर्त्याची कल्पना मांडली आणि त्या बळावर अरुणाचलच्या दुर्गम भागात शाळा उभ्या राहिल्या. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस हेमलकशाला गेले, तेव्हा आरंभी रुग्णही त्यांच्याकडे यायला बिचकत. त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, वाट पाहिली आणि मग विश्वास मिळाला. काही महिन्यांसाठी बाहेर पडणारा विस्तारकही आयुष्य देणाऱ्या ज्येष्ठांच्या हाताखाली, चालू असलेल्या कामात आपला वाटा उचलतो. तो गेल्यावरही काम चालू राहते.

म्हणून त्या मुलाला उत्तर द्यायचे, तर ते असे देता येईल. जरूर जा. सुट्टीत जा, पण जाण्याआधी तेथली भाषा थोडी तरी शीक. शिकवण्याआधी शिकायला बस. स्थानिक माणूस जे काम करू शकतो, ते त्याच्या हातून काढून घेऊ नकोस. समोरच्याची श्रद्धा हा तुझ्या मदतीचा मोबदला असता कामा नये. एकदा गेलास, की पुढल्या वर्षी त्याच गावी पुन्हा जा. गावातील म्हातारीने तुझे नाव घेऊन हाक मारली आणि तिच्या घरातली अडचण तुला न सांगता कळली, तर समजावे की वाट बरोबर आहे. गीतेने फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगितले आहे. आपल्याला लाभणारे समाधान हेही एक फळच आहे, याचा विसर सेवेच्या क्षेत्रात फार लवकर पडतो.

दुसऱ्याच्या दारिद्र्यात आठ दिवस वावरून आपल्या आयुष्याचा अर्थ शोधता येत नाही. त्या दारातून आत जाण्यासाठी उंबरठ्याबाहेर जोडे काढावे लागतात आणि घरधन्याने या म्हणेपर्यंत थांबावे लागते. पुढच्या दिवाळीत पाड्याकडे मोटारी निघतील, तेव्हा कॅमेरा घरी ठेवून तेथे मुक्कामाला राहण्याची तयारी किती कुटुंबे दाखवतात, त्यावर त्या मुलाला मिळणारे उत्तर अवलंबून आहे.