*विक्रीआधी घरची ज्वारी बाजूला काढा*



रब्बी ज्वारीची मळणी बऱ्याच गावांत उरकत आली. भाव, ओलावा, बारदाना यांचे मेसेज पुढं येतीलच. त्याआधी एक वेगळं सांगायचं आहे. माल जास्त आला तर कंपनीचा फायदाच आहे, तरी सांगतो: सगळी ज्वारी आम्हाला घालू नका. आधी घरची पोती मोजा.

सध्या चाललंय काय? भाव बरा दिसला की खळ्यावरूनच पोती उचलली जातात. घरात रेशनचा गहू-तांदूळ आहेच, 2023 पासून तो फुकटही आहे. सकाळी चहाबरोबर टोस्ट नाहीतर खारी, पोरांच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा, दुपारी पांढरा भात. म्हणजे शेतात मालदांडी आणि पोटात मैदा! तिकडं शहरातला माणूस डॉक्टरनं सांगितलं म्हणून हॉटेलात ज्वारीची भाकरी मागून खातो, आणि पिकवणाऱ्याच्या घरी पाहुणा आला की भाकरी झाकून चपाती वाढायची. ही लाज कुठून आली कुणास ठाऊक.

अख्ख्या धान्याचं महत्त्व समजायला दाणा नीट बघा. बाहेर कोंडा, एका टोकाला कोंब (जिथून बी उगवतं तो भाग) आणि बाकी सगळा पिठूळ गर. चोथा, लोह, जस्त, ब जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि कोंबात असतो. मैदा करताना हे दोन्ही काढून टाकतात, उरतो तो गर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा आहे, बाजरीत 11 च्या वर, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र 3 ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा सांगते. शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या तर 20 ग्रॅम तिथंच झाला, बाकीचा डाळ-भाजीतून येतो. टोस्ट-खारीतून हा हिशोब कधीच जुळणार नाही.

चोथा नुसता पोट साफ करतो असं नाही. तो असला की जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. भरपूर चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण, कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसलं. शुगर आता शहराचा आजार राहिलेला नाही. आपल्या गावात कुणाकुणाच्या गोळ्या चालू आहेत, मोजून बघा.

पण उगाच भलतं सांगणार नाही. ज्वारीतही पिष्ट आहेच. चार भाकरी हाणल्या तर शुगर वाढणारच, आणि भाकरी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. ते डॉक्टर ठरवतील.

दुसरं, ‘गहू म्हणजे विष’ असे मेसेज ग्रुपवर फिरतात, ते पुढं ढकलू नका. गिरणीतून दळून आणलेलं, न चाळलेलं गव्हाचं पीठ हेही अख्खं धान्यच आहे, त्यातही 11 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. बिघडतं ते चाळणीपाशी. चपाती पांढरी आणि मऊ दिसावी म्हणून बारीक चाळणीनं पीठ चाळायचं, कोंडा म्हशीला घालायचा आणि उरलेलं आपण खायचं. म्हैस शहाणी म्हणायची!

घरातल्या बायका-मुलींसाठी बाजरी महिन्यातून चार-सहा वेळा तरी असावी, लोह तिच्यात ज्वारीपेक्षा जास्त आहे. सोबत पालेभाजी, वर लिंबू पिळलं तर ते लोह अंगी जास्त लागतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर कमी लागतं, हे मात्र लक्षात ठेवा. ज्वारीच्या प्रथिनात जी कसर आहे ती डाळ भरून काढते, त्यामुळं भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी हा जुना जोड बरोबरच होता.

आता खरी अडचण. भाकरी थापायला वेळ लागतो, चुलीपुढं नाहीतर गॅसपुढं उभं राहावं लागतं, आणि ते काम बाईच्याच वाट्याला येतं. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला ‘मला भाकरीच पाहिजे’ म्हणणं सोपं आहे. दादांनो, भाकरी पाहिजे असेल तर पीठ मळायला आणि थापायला शिका, अवघड नाही. रोज नको, एक वेळ भाकरी केली तरी पुष्कळ. ज्वारीची आंबील, ज्वारीच्या लाह्या, कण्या हेही अख्ख्या धान्याचेच प्रकार, त्यांना थापावं लागत नाही.

पीठ थोडं थोडं दळून आणा. बाजरीच्या कोंबात तेल असतं, म्हणून तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो, भाकरी तव्यावर टाकताना तुटते. दुकानात ‘मल्टिग्रेन’ लिहिलेला पुडा दिसला तर मागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाला सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला असतो. पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदाच, पुढं दहा धान्यांची नावं का असेनात.

किती ठेवायची? पाच माणसांच्या घरात एका वेळेला भाकरी धरली तर रोज साधारण पाऊण किलो पीठ. वर्षाचे पावणेतीन क्विंटल होतात. पाहुणे-रावळे, थोडी नासधूस धरून तीन क्विंटल बाजूला काढा, दोन्ही वेळेला भाकरी असेल तर दुप्पट. दोन एकरवाल्यालाही हे जड जाऊ नये. ज्यांना पैशाची नड आहे त्यांनी निदान पावसाळा निघेल एवढी तरी ठेवावी. आज विकून श्रावणात तीच ज्वारी दुकानातून चढ्या भावानं आणण्यात काय मिळवलं?

ठेवायची ती ज्वारी चांगली वाळवा, दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग कोठीत किंवा हवाबंद पिशवीत भरा. पोती भुईवर नको, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. खायच्या धान्यात कीड मारायच्या विषारी गोळ्या अजिबात टाकू नका, माणसं झोपतात त्या खोलीत तर नाहीच, त्यांच्या धुरानं जीव जातो. हवाबंद पिशव्या किती लागतील ते आपल्या गावच्या गटप्रमुखाला या आठवड्यात सांगा, म्हणजे बारदान्याबरोबर एकत्रच मागवता येतील.