विश्लेषण : उपचारांची यंत्रणा सज्ज, प्रतिबंध मात्र वाऱ्यावर, पडणे आणि विषबाधा यांबाबत चेन्नईचा अनुभव

चेन्नई : नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रत्तूर येथे एका सदनिकेत उंदरांच्या बंदोबस्तासाठी विषारी औषध ठेवण्यात आले. त्या रात्री तेथे झोपलेल्या कुटुंबातील दोन लहान मुलांचा मृत्यू झाला आणि आईवडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात तिरुमुल्लैवायल येथील एका गृहसंकुलात चौथ्या मजल्यावरून निसटलेले तान्हे मूल खालच्या पत्र्याच्या छपरावर अडकले. रहिवाशांनी खाली चादर ताणून धरली, काही जण खिडकीतून बाहेर आले आणि मूल सुखरूप हाती लागले.

एका घटनेचा शेवट दुःखद झाला, तर दुसरीत मुलाचे प्राण वाचले. दोन्ही प्रसंगांत धोका मात्र घराच्या चार भिंतींच्या आतच होता. तमिळनाडूने गेल्या दोन दशकांत आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे जाळे उभारले असले, तरी घरात घडणारे हे अपघात मुळात घडूच नयेत यासाठीची व्यवस्था तितकी भक्कम झालेली नाही, हे या घटनांवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रासह सर्वच राज्यांनी या अनुभवाकडे लक्ष देण्याची गरज आहे.

उपचारांची साखळी

तमिळनाडूत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून सुरू आहे. त्यानंतर राज्याने अपघात व आपत्कालीन उपचारांसाठी 'टाई' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. शासकीय रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाची प्रकृतीच्या गांभीर्यानुसार लाल, पिवळ्या आणि हिरव्या विभागांत तत्काळ वर्गवारी करणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य आहे. शारीरिक आघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, भाजणे आणि मुलांच्या आपत्कालीन व्याधी यांच्या बरोबरीने विषबाधेलाही त्यात स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी सुरू केलेल्या 'इन्नुयिर काप्पोम' योजनेमुळे रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या ४८ तासांत मोफत उपचार मिळू लागले. जखमी व्यक्ती कोणत्या राज्याची आहे, याचा विचार न करता तिला हा लाभ दिला जातो. मात्र ही योजना रस्त्यापुरती मर्यादित आहे. जिन्यावरून पडलेली वृद्धा, गच्चीवरून कोसळलेला बांधकाम मजूर किंवा चुकून विषारी द्रव प्यायलेले मूल यांना सरकारी रुग्णालयाचे दार खुले असले, तरी अपघातग्रस्त म्हणून मिळणारे हे खास संरक्षण त्यांच्या वाट्याला येत नाही. रस्ते अपघातांची नोंद होते, त्यांची चर्चा विधिमंडळात होते आणि त्यांच्यासाठी तरतूदही होते. घरातील अपघात बहुधा कुटुंबाचे दुर्दैव म्हणून सोडून दिला जातो.

पडणे म्हणजे नशीब नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अनपेक्षित दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर याच कारणाचा क्रमांक लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्न गटातील देशांत होतात आणि प्राणघातक घटनांमध्ये साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते.

तमिळनाडूसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. केंद्राच्या २०२१ च्या लोकसंख्या अंदाजानुसार राज्यात ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण १३.६ टक्के होते. केरळनंतर देशात हे सर्वाधिक असून महाराष्ट्रात ते ११.७ टक्के होते. वृद्धांच्या आरोग्यसेवेत चेन्नईची परंपरा जुनी आहे. डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात १९७८ मध्ये ज्येष्ठांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गिंडी येथे राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले.

तथापि, रुग्णालयाची पायरी चढण्याआधीचे प्रश्न सोडवणे वैद्यकीय विभागाच्या एकट्याच्या हाती नाही. न्हाणीघरातील गुळगुळीत फरशी, आधारासाठी दांडीचा अभाव, जिन्यावरील अपुरा उजेड, रात्री उठताना येणारी चक्कर आणि एकाच वेळी घेतली जाणारी अनेक औषधे, ही वृद्धांच्या पडण्याची नेहमीची कारणे आहेत. दांडी बसवणे, खरखरीत फरशी घालणे, डोळ्यांची तपासणी करणे आणि औषधांचा डॉक्टरांकडून फेरआढावा घेणे, हे उपाय खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत अत्यल्प खर्चाचे आहेत. खुब्याचे हाड मोडल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, रक्ताची गुठळी आणि शय्याव्रण यांचा धोका असतो. त्यामुळे मृत्यूचे नोंदलेले कारण अनेकदा वेगळेच असते आणि मूळ घटना आकडेवारीतून निसटते.

सार्वजनिक ठिकाणीही जबाबदारी स्पष्ट असणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये चेन्नईत पावसाळी नाल्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात पडून एका तरुण पत्रकाराचा मृत्यू झाला. कामाच्या ठिकाणी कठडे, दिवे आणि सूचनाफलक असावेत, ही अट कंत्राटात असणे पुरेसे नाही. पहिल्या पावसाआधी ती जागेवर तपासली जाणे महत्त्वाचे ठरते.

तिरुमुल्लैवायलच्या घटनेला आणखी एक दुःखद बाजू आहे. मूल वाचल्यानंतर त्याच्या आईवर समाजमाध्यमांतून निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यात आला. काही आठवड्यांतच तिने आयुष्य संपवल्याचे वृत्त आले. बाल्कनीचे कठडे, जाळ्या आणि इमारतींची सुरक्षितता यांवर चर्चा होण्याऐवजी संपूर्ण दोष एका आईच्या माथी मारला गेला. अपघातानंतर माणसाला दोषी ठरवून मोकळे होण्याची वृत्ती प्रतिबंधाच्या आड येते, याचे हे विदारक उदाहरण ठरले.

विष सहज मिळते तेव्हा

विषबाधेच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्र २२ हजार ७४६ घटनांसह पहिल्या, तर तमिळनाडू १९ हजार ८३४ घटनांसह दुसऱ्या स्थानी होता. देशातील यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू विषप्राशनामुळे झाले होते.

उंदीर मारण्याच्या औषधांतील यलो फॉस्फरस हा तमिळनाडूतील डॉक्टरांसाठी दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिला आहे. हा घटक पोटात गेल्यानंतर सुरुवातीला मळमळ, उलट्या अशी साधी लक्षणे दिसतात. पुढे एक-दोन दिवस रुग्णाला बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. मधल्या काळात धोका टळल्याच्या समजुतीने कुटुंबीय रुग्णाला घरी नेतात आणि उपचारांचा मोलाचा वेळ हातचा जातो. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात रक्तद्रव बदलण्याच्या उपचारपद्धतीवर महत्त्वाचे काम झाले आहे. परंतु असे उपचार मोजक्याच ठिकाणी मिळू शकतात. ही परिस्थिती ध्यानात घेऊन राज्य सरकारने यलो फॉस्फरसयुक्त औषधाच्या विक्रीवर बंदी घातली, तसेच काही घातक कीटकनाशकांवर तात्पुरते निर्बंध आणले.

येथे राज्यांच्या अधिकारांची मर्यादा समोर येते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २७ नुसार राज्याला एखाद्या कीटकनाशकाची विक्री ६० दिवसांपर्यंत थांबवता येते. चौकशी अपूर्ण राहिल्यास ही मुदत आणखी ३० दिवस वाढवता येते. कायमचा निर्णय केंद्राच्या अखत्यारीत असतो. महाराष्ट्राला याचा अनुभव २०१७ मध्ये आला. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावल्यानंतर काही कीटकनाशकांवर अशीच अल्पमुदतीची बंदी घालण्यात आली होती. हंगाम संपला की बंदी संपते, असे या तरतुदीचे व्यावहारिक स्वरूप आहे. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले, तेव्हा या त्रुटी दूर होण्याची अपेक्षा व्यक्त झाली होती.

बंदीचा परिणाम होतो, हे शेजारच्या श्रीलंकेने दाखवून दिले आहे. अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने हद्दपार केल्यानंतर १९९५ ते २०१५ या काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ९३ हजार जीव वाचल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवला आहे. भावनेच्या भरात उचललेल्या पावलाच्या वेळी घातक विष हाताशी नसेल, तर ती व्यक्ती वाचण्याची शक्यता वाढते, हा यामागील साधा विचार होय. चेन्नईतील डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'स्नेहा' या संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी कडलूर जिल्ह्यातील गावांत कीटकनाशके घरी न ठेवता सामायिक कुलूपबंद कपाटांत ठेवण्याचा प्रयोग केला होता. विदर्भ-मराठवाड्यातील गावांतही असा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

विषारी दारूचा प्रश्नही याच साखळीतील आहे. जून २०२४ मध्ये कळ्ळक्कुरिची येथे मिथेनॉलमिश्रित दारूने ६० हून अधिक बळी घेतले. त्याआधी मे २०२३ मध्ये मरक्काणम आणि चेंगलपट्टू भागात २० हून अधिक जण दगावले होते. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये शंभरावर बळी गेले, तेही मिथेनॉलमुळेच. कळ्ळक्कुरिचीनंतर तमिळनाडूने कायद्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. मात्र औद्योगिक वापराच्या मिथेनॉलची कारखान्यापासून गुत्त्यापर्यंतची गळती रोखल्याखेरीज केवळ शिक्षेचा धाक पुरेसा ठरणार नाही.

पहिल्या काही मिनिटांत

घरगुती कीटकनियंत्रण हा कुंद्रत्तूरच्या घटनेने पुढे आणलेला प्रश्न आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडसारख्या पदार्थांचा हवेतील ओलाव्याशी संपर्क आला की फॉस्फिन हा घातक वायू तयार होतो आणि त्यावरही उतारा नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत तसेच वातानुकूलनासाठी बंद ठेवलेल्या खोल्यांत ही जोखीम वाढते, कारण घरगुती वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा फिरवत राहते. कोणते औषध वापरले, किती वेळ घर रिकामे ठेवायचे आणि हवा कशी खेळती करायची, याची लेखी माहिती ग्राहकाला देणे सेवा पुरवठादारांवर बंधनकारक असायला हवे.

विषबाधेची शंका आल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत आणणे, विष लागलेले कपडे काढून त्वचा वा डोळे भरपूर पाण्याने धुणे आणि १०८ वर संपर्क साधणे, हे पहिले उपाय आहेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे ही रूढ पद्धत धोक्याची आहे. रॉकेल किंवा स्वच्छतेसाठी वापरले जाणारे आम्ल पोटात गेले असल्यास उलटीमुळे फुप्फुसांना व अन्ननलिकेला दुहेरी इजा होते. मुलांच्या बाबतीत देवघरातील कापूरही निरुपद्रवी नाही. तो गिळल्यास झटके येऊ शकतात. औषधाची बाटली किंवा वेष्टन रुग्णालयात सोबत नेल्यास निदान लवकर होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन करते.

उंचावरून पडलेल्या व्यक्तीची मान किंवा पाठ दुखत असल्यास तिला ओढून उठवू नये. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना किरकोळ वाटणारा मारही तपासून घेणे हिताचे आहे.

पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने अनेक कुटुंबे विषप्राशनाची बाब लपवतात. वास्तविक, मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच, कायदेशीर सोपस्कारांआधी प्राण वाचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले आहे. मानसिक आधारासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून त्यावर मराठीतूनही बोलता येते.

केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. घरातील पडझडीसाठी असे कोणतेही ठळक उद्दिष्ट चर्चेत नाही. आरोग्य, कृषी, नगरविकास आणि अबकारी अशा चार विभागांत विखुरलेली ही जबाबदारी एका छत्राखाली आणणे आणि पडणे व विषबाधा यांच्या नोंदी रस्ते अपघातांइतक्याच काटेकोरपणे ठेवणे, ही पुढील वाटचालीची पहिली पायरी ठरू शकते. चेन्नईने रुग्णवाहिका व रुग्णालये यांची घडी बसवून दाखवली आहे. आता कठडा, न्हाणीघर आणि विषाचे दुकान येथपर्यंत ती शिस्त पोहोचते का, यावर या यंत्रणेचे खरे यश अवलंबून राहील.