भावाचं नाही हो, तिचंच आहे!

परवाचीच गोष्ट. माझ्या भाचीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, घर दाखवून झालं. आतल्या खोलीतल्या काचेच्या कपाटाशी मुलाच्या आई थांबल्या. तीन फळ्या भरून व्हिडिओ गेमच्या डिस्क, जुन्या कॅसेट आणि गेमचे दोन-तीन जुने सेट. सगळं पुस्तकांसारखं ओळीनं लावलेलं.

"अगंबाई, हे कोणाचं एवढं?" त्यांनी विचारलं. बहीण तोंड उघडायच्या आत मीच पटकन म्हणाले, "भावाचं आहे हो तिच्या. मुलांची खेळणी!"

भाची दारातच उभी होती. बोलली काही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मैत्रिणींनो, गेली पंधरा वर्षं मी महिला मंडळाचं, बचत गटांचं काम करते. दरवर्षी आठ मार्चला माइक हातात घेऊन "स्वतःसाठीही थोडं जगा" असं सांगते. आणि माझ्याच भाचीचा छंद लपवायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही! मंडळी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी काय चोरी केली होती का गं?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरं तर हा प्रकार मला परका नाही. नव्वदच्या दशकात आमच्याही घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला होता. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली तिकडे काढलेल्या यंत्राच्या या नकला. आपल्या बाजारात आल्या त्या बहुतेक अशाच. पिवळी कॅसेट, त्यावर शेकड्यांनी गेम असल्याचा छापील दावा, आणि लावून बघावं तर तेच पाच-सहा गेम पुन्हा पुन्हा. मारिओ, काँट्रा आणि बंदुकीनं बदकं मारायचा तो एक. कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. गेम अर्थातच दादाचा. त्याचा मारिओ मेला की माझी पाळी. पण नेमकी तेव्हाच आईची हाक यायची, "अगं, कुकर बघ जरा!" दादाला कधी कुकर बघावा लागल्याचं मला आठवत नाही.

भाचीचं मात्र वेगळं. ती नोकरी करते, घरी पैसे देते, उरलेल्यातून दर महिन्याला थोडे बाजूला काढते. नवी डिस्क चार-पाच हजारांच्या घरात जाते, म्हणून ती बहुतेक जुन्याच घेते. मुंबईला गेली की लॅमिंग्टन रोडला चक्कर ठरलेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या कपाटासमोर बसले आणि म्हटलं, "दाखव बाई, काय काय आहे ते."

दोन तास गेले, कळलंही नाही. तिच्याकडे 'हनुमान : बॉय वॉरियर' आहे, २००९ साली प्लेस्टेशन २ साठी आलेला. हा आपल्या देशात तयार झालेला गेम, हैदराबादच्या मंडळींनी केलेला. त्याच वर्षीचा 'देसी अड्डा' आहे, आपल्याकडच्या देशी खेळांवरचा. जुन्या हातातल्या गेमच्या काही कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली की खेळणाऱ्यानं कुठवर मजल मारली होती ते सगळं पुसलं जातं, हे मला तिनंच सांगितलं. आणि हो, फुंकर मारायची नसते! तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजतात. ती कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून त्या हलक्या हातानं पुसते. पावसाळ्यात दमट हवेसाठी डब्यांत पुड्या ठेवते. आपण पैठणीच्या घड्या मोडून ठेवतो ना, अगदी तसंच!

मी तिला तुमच्या-माझ्या मनातलाच प्रश्न विचारला. "अगं, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं. मग ही अडगळ कशाला?"

ती म्हणाली, "मावशी, जे मिळतं ते काढूनही घेतात." निन्टेन्डोनं आपल्या दोन जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. जे गेम फक्त तिथंच मिळत होते, ते आता सरळ मार्गानं विकत घेता येत नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं एक अभ्यास जाहीर केला. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू झाला. ऑनलाइन गेम किंवा सिनेमा विकताना "तुम्ही तो वापरायचा फक्त परवाना घेताय" हे दुकानदारानं स्पष्ट सांगायचं.

डिस्क घेतली की सगळं सुरक्षित, असंही नाही बरं का. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा गेम कंपनीच्या सर्व्हरवरच चालायचा. २०२४ च्या मार्चअखेर तो सर्व्हर बंद झाला आणि डिस्क हातात असलेल्यांचा खेळही थांबला. काही नव्या डब्यांत डिस्क नसतेच, नुसता एक कोड असतो. पण इंटरनेटशिवाय चालणारी जुनी डिस्क, जुनी कॅसेट मात्र आपली. मैत्रिणीला चार दिवस देता येते, विकता येते, उद्या लेकीला देता येते.

पटलं मला. पण खरं सांगू? हे पटलं नसतं तरी "भावाचं आहे" म्हणायचा मला काय अधिकार होता?

आपल्याकडे बाईच्या छंदाची एक परीक्षा असते. घराला त्याचा उपयोग काय? विणकाम चालतं, रुखवत चालतं, केकचा क्लास चालतो. ज्यातून स्वेटर, शोभा किंवा चार पैसे निघत नाहीत, तो छंद नव्हे, खूळ! माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर पोस्टाची तिकिटं जमवली. त्यांना कुणी "उपयोग काय" म्हणून विचारल्याचं मी ऐकलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं अल्बम दाखवायचो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आपण पोरांना घेऊन जातो, तिथले अडकित्ते नि दिवे बघून थक्क होतो. काका केळकरांनी ते गोळा करायला घेतले, तेव्हा लोकांच्या घरात त्या रोजच्या वापरातल्या नाही तर माळ्यावरच्या वस्तू होत्या.

छंदापायी कर्ज काढावं, घरच्यांना चालायला जागा उरू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. भाचीनं स्वतःच शिस्त घातली आहे. तीन फळ्या, चौथी नाही. नवं आणायचं तर जुनं एक द्यायचं. अशी शिस्त साड्यांच्या कपाटाला लावायची माझी तरी हिंमत नाही!

मलाही एक छंद होता. काडेपेट्यांचे छाप जमवायचे मी, एक वही भरून. लग्न ठरलं तेव्हा आईनं आवरताना विचारलं, "हे नेणार आहेस का सासरी?" मी लाजून "नाही" म्हटलं. वही बंबात गेली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच नको म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते आजही टोचतं.

म्हणून परवा मी मुलाच्या आईंना स्वतः फोन केला. "ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. ते कपाट भावाचं नाही, तिचंच आहे. आणि ती ते सासरी घेऊन येणार आहे." पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "घरात बोलून बघते." अजून उत्तर आलेलं नाही. बहीण माझ्यावर रागावली आहे. स्थळ गेलं तर बोल मलाच लागणार, हे मी जाणून आहे. भाची मात्र काल येऊन माझ्या हातात रिमोट देऊन गेली. म्हणाली, "मावशी, पहिली पाळी तुझी."

तुमच्या घरात भांडी-डब्यांची, मुलांच्या पुस्तकांची, ह्यांच्या फायलींची फळी असेलच. फक्त तुमची अशी एखादी फळी आहे का हो? नसेल तर या दिवाळीच्या साफसफाईत एक रिकामी करून बघा. त्यावर काय ठेवायचं, ते मात्र कुणाला विचारू नका.